दादा, तुझी गाडी का थरथरत होती

प्रिय दादा,

काल तुझी गाडी भंगारात गेली. रफीकभाईंच्या गॅरेजसमोर मोठा ट्रक आला, दोघातिघांनी ढकलून गाडी बाहेर काढली, साखळ्या लावल्या आणि वर ओढून घेतली. वहिनी आल्या नव्हत्या. मी होते आणि तुझा मेहुणा, शेखर. ट्रक वळला तेव्हा गाडीची चेपलेली मागची बाजू आमच्यासमोर आली. वर्षभर हा माणूस त्या गाडीकडे बघायला तयार नव्हता, पण काल त्यानं मान वळवली नाही. ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत उभा राहिला.

म्हणून आज लिहायला बसले. तुला जाऊन वर्ष होऊन गेलं, पण आजवर मी लिहिणार तरी काय होते? माझ्यापाशी नुसते प्रश्न होते. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारून काय मिळतं? आता सांगण्यासारखं काही आहे. आणि तुझ्यावर रागावण्यासारखंही आहे, बरं का!

आधी तुझी ती गाडी. घेतलीस तेव्हाच जुनी होती, पुढं पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही करून घेतलंस. पुढच्या खोलीतली तुझी दातांची लॅब, तिथं तू आणि वहिनी मिळून कवळ्या करायचात आणि तू त्या मंगळवेढ्याच्या, अकलूजच्या डॉक्टरांकडे पोचवायचास. मागच्या सीटवर कवळ्यांच्या डब्या. खड्डा आला की त्या खुळखुळायच्या आणि तू म्हणायचास, "नंदे, ऐक, मागं सगळे हसायला लागले!" तुझी मुक्ता लहान असताना खरंच मागं वळून बघायची, कोण हसतंय ते.

मग ती थरथर सुरू झाली. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग कापायचं, काचा वाजायच्या, आपल्या पोटातही काहीतरी हलायचं. सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली की सगळं गप. तू हसून सांगितलं होतंस, "म्हातारी झालीय गं. उभं राहिलं की गुडघे कापतात तिचे."

शेखरला मात्र ते हसण्यावारी नेणं जमलं नाही. तुला माहीतच आहे तो. वीज कंपनीच्या ऑफिसात आठवडाभर फायली, आणि रविवारी सोसायटीत कुणाची ना कुणाची स्कूटर उघडून बसलेला. तो म्हणाला, "दादा, गाडी घेऊन या. प्लग बदलून बघू." तू आलास. आमच्या पार्किंगमध्ये स्टुलावर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात होतास, आणि तो प्लग बदलत होता. मी चहा घेऊन खाली आले तेवढ्यात त्याचा पाना सटकला. टक् असा आवाज झाला. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. तो टक् आवाज पुढं वर्षभर आमच्या घरात राहिला, दादा.

त्याच आठवड्यात तू मंगळवेढ्याला निघालास. वाटेत गाडी बंद पडली. तू ती कडेला घेतलीस, शेखरला फोन लावलास आणि बोलता बोलता बॉनेट उघडून समोर उभा राहिलास. मागून टेम्पो आला. चालकाला डुलकी लागली होती, हे त्यानंच पोलिसांना सांगितलं. टेम्पो गाडीवर आदळला, आणि गाडी तुझ्यावर.

शेखर तेव्हा ऑफिसात होता. फोन त्याच्या कानाला होता. त्यानं ते सगळं ऐकलं.

चूक त्या टेम्पोवाल्याची होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. केस चालू आहे, तारखा पडतात. पण त्या माणसाला आम्ही कुणी ओळखत नव्हतो. दोष द्यायला बहुतेक ओळखीचंच माणूस लागतं. तेराव्याला जेवणं चालली होती. कुणीतरी पाहुण्यानं विचारलं, "पण गाडी मुळात बंद कशी काय पडली?" आणि वहिनी म्हणाल्या, "बरी चालली होती की. तिला हात लावायलाच नको होता."

एवढंच. कुणाचं नाव नाही, आवाज चढवला नाही. पण पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला कळलं. शेखरनं पानाला नमस्कार केला आणि उठला. त्यानंतर त्यानं तुझ्या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

त्याचं वर्ष कसं गेलं सांगू? हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. शेजाऱ्यांनी स्कूटर आणली तर "जमत नाही आता" म्हणून दार लावून घ्यायचा. रिक्षा सिग्नलला उभी राहिली की डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत बसायचा. मी काही विचारलं की म्हणायचा, "त्या पाना सटकलेल्या प्लगला चीर गेली असणार. मी तोच बसवला." मी म्हणायचे, "तसं काही नसेल." पण माझ्या 'नसेल'मध्ये जोर कुठून आणणार? मला तरी कुठं ठाऊक होतं! सणावाराला मी एकटीच तुझ्या घरी जायचे. वहिनी "दाजी बरे आहेत ना?" असं विचारायच्या, मी "बरे आहेत" म्हणायचे, आणि मग दोघी भाजी निवडत बसायचो.

पोलिसांनी सोडल्यापासून गाडी रफीकभाईंच्या गॅरेजमागं उभी होती. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, वहिनींनी गाडी भंगारात द्यायला सांगितलीय. आत काय राहिलं असंल तर काढून घ्या."

मी विचारलं, "रफीकभाई, इंजिन चालू होईल का हो?"

"मागनं चेपलीय, इंजिनाला काय झालेलं न्हाई. बॅटरी लावली तर होईल की. पन कशाला?"

"मला बघायचंय, ती का थरथरत होती."

त्यांनी पुन्हा 'कशाला' विचारलं नाही. तुझी किती वर्षांची ओळख त्यांच्याशी! मग म्हणाले, "रविवारी या. गिऱ्हाईक कमी असतंय."

शेखरला सांगितलं तर तो चिडला. "काय करायचंय आता कळून? प्लग फुटलेला निघाला तर?"

"तर निघाला. निदान 'असेल' म्हणत तरी बसायला नको. आणि तू नाही आलास तरी मी जाणार."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. तरी जाणार."

तो आला. पण फाटकाशीच थांबला, रस्त्याकडे तोंड करून.

रफीकभाईंनी आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. म्हणाले, वर्षभर पडलेल्या पेट्रोलवर कुठलीही गाडी थरथरेल, मग खरं दुखणं कसं कळायचं? ताजं पेट्रोल भरलं, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. खोकत, धापा टाकत गाडी चालू झाली, आणि दादा, तीच थरथर! बॉनेटला टेकू दिलेली सळई वाजत होती, आरसा हलत होता. मला एकदम तू दिसलास, सिग्नलला स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला. फाटकाशी उभ्या शेखरची पाठ ताठ झाली, तेही दिसलं.

इतक्यात कुणीतरी पंक्चरची रिक्षा घेऊन आलं. रफीकभाई जाताजाता म्हणाले, "ताई, चार वायरी दिसतात ना? एकेक काढून बघायची. जी काढल्यावर इंजिनात काय फरक पडत न्हाई, तितं रोग. पन थांबा, मी आलो की करू."

मी कशाला थांबते? वर्षभर थांबले होते की. पहिल्या वायरीला हात घातलाच.

"नंदा! हात काढ! शॉक बसेल!"

अख्खी गल्ली दचकली असेल. वर्षभरात हा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. धावत आला, माझा हात मागं ओढला, टेबलावरचे रबरी मोजे घेतले आणि स्वतःच्या हातात चढवले. "चालत्या इंजिनाला असा उघडा हात लावतात का? काय माणूस आहेस!" असं म्हणत म्हणतच त्यानं पहिली वायर काढली.

इंजिन आणखीच हेलकावलं. त्यानं वायर परत बसवली. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढण्याआधी तो थांबला. पाना सटकला होता तो हाच प्लग. त्यानं वायर ओढली आणि इंजिन असं डगमगलं की बंद पडतंय की काय वाटलं. चौथीलाही तसंच.

"चारही काम करतायत," तो म्हणाला. मला नव्हे, इंजिनालाच.

मग त्यानं गाडी बंद केली, इंजिन निवेपर्यंत तिथंच उभा राहिला आणि तो तिसरा प्लग खोलून काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. उन्हात धरून सगळीकडून फिरवला. पांढरं चिनीमातीचं अंग, त्यावर एक रेघसुद्धा नव्हती.

"बघ गं, चीर दिसते का?"

"नाही."

"चष्मा लाव आणि बघ."

चष्मा लावला. नव्हतीच! रफीकभाई आले, त्यांच्याही हातात दिला. ते म्हणाले, "साहेब, नवा हाय की हा." शेखरनं तो प्लग परत घेतला आणि किती तरी वेळ मुठीत धरून ठेवला.

मी म्हटलं, आता हा सुटला. घरी जाऊ. पण तो कुठला निघतोय! रफीकभाईंना म्हणाला, "मग थरथरते का?" आणि त्याच्या आवाजात माझा जुना शेखर आला, रविवारचा शेखर. मला समजावून सांगायला लागला, जसा आधी सांगायचा आणि मी ऐकल्यासारखं करायचे. या वेळी खरंच ऐकलं. म्हणाला, "हे बघ, प्लग गेला असता तर जोर लावताना, चढावर जास्त त्रास दिला असता. ही उलटं करते. उभी असताना कापते, पळताना गप. म्हणजे कुठून तरी नको ती हवा आत जातेय. इंजिन हळू फिरत असताना थोडी जादा हवाही त्याला सोसत नाही. जोरात फिरायला लागलं की तेवढी खपून जाते."

गाडी पुन्हा चालू केली. तो वाकून एकेक रबरी नळी चिमटीत दाबत गेला. इंजिनाच्या मागं, जिथं हात धड जात नाही, तिथं त्यानं मनगट वाकडं करून काहीतरी दाबलं.

आणि थरथर थांबली.

अशी थांबली दादा, की मला वाटलं गाडी बंदच पडली. नुसती घुमत होती, शांत. त्यानं बोटं सोडली, पुन्हा थरथर. दाबली, शांत. आवाज बदलला तसे रफीकभाई हातातलं काम टाकून आले. मोबाइलच्या उजेडात पाहिलं. नळीवर काळी टेप गुंडाळलेली होती, वायरिंगला लावतात ती. तेल आणि धूळ बसून बसून कातड्यासारखी झालेली. उष्णतेनं एका बाजूनं सुटली होती, आणि तिच्याखाली नळीला बोटभर चीर.

रफीकभाई म्हणाले, "लई जुनी टेप हाय. माझी न्हाई बरं का. मी नळीच बदलली असती."

"माझीही नाही," शेखर म्हणाला. "मी मागं हातच घातला नव्हता."

मग कुणाची? दादा, मी ते टोक पाहिलं. टेपचं शेवटचं टोक दुमडून छोटी जीभ केलेली होती, पुन्हा उलगडताना नखाला सापडावी म्हणून. गीझरच्या नळीवर तशीच जीभ. लॅबमधल्या मशिनच्या वायरीवर. तुझ्या चष्म्याच्या काडीवर. असं टोक दुमडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. मला आधी हसू फुटलं आणि मग जे रडू आलं ते काही केल्या आवरेना.

तूच होतास!

अरे, दुसऱ्याच्या कवळीत केसाएवढा फरक तुला चालायचा नाही. हिरडीला लागेल म्हणून डॉक्टरांनी पास केलेली कवळीसुद्धा परत घासत बसायचास. आणि स्वतःच्या गाडीला टेप? बरं, लावलीस तर लावलीस, सांगितलं का नाहीस? त्या रविवारी स्टुलावर बसून भाकरी खात होतास, शेखर घाम पुसत प्लग बदलत होता, तेव्हा एक वाक्य नाही बोलता आलं? "शेखरराव, मागच्या नळीला मी टेप लावलीय, तेवढी बघा." विसरलास का? की त्याचा नि थरथरीचा काही संबंध नाही असं वाटलं? की लाज वाटली? माझं मन म्हणतं, लाज वाटली असेल. तुझं काम नेटकं, म्हणून लोक तुला मानायचे, आणि ही टेप काही नेटकी नव्हती.

मला वाटलं होतं, शेखर आता मोकळा होईल. तो एका जुन्या टायरवर बसला. मग म्हणाला, "बॉनेट उघडा, असं मी म्हणालो होतो."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं.

"ते म्हणाले गाडी बंद पडली. मी म्हटलं, बॉनेट उघडून वायरी नीट बसल्यात का बघा. गाडी टेपमुळं थांबली असेल नंदा. पण तिच्यापुढं त्यांना मी उभं केलं."

इंजिनात शोधून हे कुठं सापडणार होतं? रफीकभाईंनी चहा आणून त्याच्या हातात दिला आणि समोर उकिडवे बसले. म्हणाले, "साहेब, गाडी बंद पडली की मानूस खाली उतरून बॉनेट उघडतोच. तुमी सांगा, न्हाईतर नका सांगू." शेखर चहा प्यायला.

ती नळी कापून मी पिशवीत घातली. म्हटलं, आता वहिनींकडे जाऊ. शेखर म्हणाला, "नको. गेलेल्या माणसाची चूक दाखवायला जायचं?" मी म्हटलं, "जिवंत माणसावर नसलेली चूक ठेवायची, ते चालतं?" स्कूटरवर बसेपर्यंत आमचं भांडण चाललं होतं. शेवटी त्यानं स्कूटर आमच्या घराकडे, जुळे सोलापूरकडे न वळवता तुझ्या घराकडे वळवली.

वहिनी लॅबमध्ये मेणावर दात बसवत होत्या. आता सगळं काम त्याच एकट्या बघतात. दारात शेखरला पाहून त्या उठूनच उभ्या राहिल्या. "या की दाजी," म्हणाल्या आणि तुझी खुर्ची पुढं ओढली. तो दुसऱ्या स्टुलावर बसला.

मी पिशवीतून नळी काढून साच्यांच्या मधोमध टेबलावर ठेवली. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच बोलावं लागलं नाही.

"काढली का ही?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. त्या सकाळी त्याच्यावरूनच तर भांडलो आम्ही." त्यांचं बोट टेपवरून फिरत होतं. "मी म्हटलं, टेप लावून किती दिवस काढणार, आज गाडी रफीकभाईंकडे टाका. तर म्हणाले, आज मंगळवेढ्याची कवळी द्यायची आहे, त्या आजी किती दिवस पातळ पेज पितायत. मी म्हटलं, मग जा तसेच, माझं कधी ऐकलंय! डबा ओट्यावर भरून ठेवला होता. तोसुद्धा घेऊन गेले नाहीत."

मला राग आला दादा. खूप आला. "मग तेराव्याला तसं का म्हणालात? यांच्याकडे बघून?"

वहिनी माझ्याकडे नाही, शेखरकडे बघून बोलल्या. "कुणीतरी विचारलं, गाडी कशी बंद पडली. माझ्या तोंडाशी आलं होतं, यांनी टेप लावली म्हणून. पण समोर फोटोला हार घातलेला. यांचं चुकलं असं कसं म्हणू त्या दिवशी? आणि मग भलतंच निघून गेलं तोंडातून. निघाल्या निघाल्या कळलं मला. पण तुम्ही उठला होता."

"वर्षभरात एकदा सांगायचं तरी!" मी म्हटलं.

"दाजी येतील तेव्हा त्यांनाच सांगीन, म्हणत होते. ते आलेच नाहीत."

"मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल," शेखर म्हणाला.

मेण तापवायचा दिवा तसाच जळत होता. वहिनींनी तो विझवला, हात पुसले आणि अगदी हळू विचारलं, "दाजी, शेवटी काय बोलले हो ते? रोज वाटायचं विचारावं. पण कसं विचारू?"

शेखरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मलाही ते कधी सांगितलं नव्हतं. "वायरी बघितल्या त्यांनी. म्हणाले, चारही घट्ट आहेत शेखरराव, तुमचं काम चोख आहे, हे दुसरंच काहीतरी आहे." तो थांबला. "मग म्हणाले, माझ्या फोनची बॅटरी संपत आलीय, तुम्ही हिला एक फोन करून सांगा. उशीर होईल, पण जेवायला घरीच येतो म्हणावं."

वहिनी हलल्या नाहीत.

"आणि मग..."

"पुढचं नको," वहिनी म्हणाल्या.

"मी निरोप दिलाच नाही वहिनी. त्या आवाजानंतर मला काही सुचलंच नाही. नंतर आठवला, पण तेव्हा कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की जेवायला येतो म्हणाले होते?"

"जेवायला घरीच येतो म्हणाले?"

"हो."

"असंच म्हणाले?"

"अगदी असंच."

"म्हणजे रागावून नव्हते गेले," वहिनी म्हणाल्या.

त्या आत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. आम्ही दोघं त्या अर्धवट कवळीकडे बघत बसून राहिलो. दादा, वर्षभर ही बाई काय धरून बसली होती आणि हा माणूस काय धरून बसला होता! एकानं दुसऱ्याला विचारलं असतं तर एका दुपारीत मोकळे झाले असते दोघं. आणि मी मधे भाजी निवडत होते.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा चेहरा ओला होता. म्हणाल्या, "भाकरी टाकते. जेवल्याशिवाय जायचं नाही." शेखर वर्षानंतर तुझ्या घरी जेवला. वांग्याची भाजी होती. त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवताना वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं, त्यात मंगळवेढ्याच्या त्या आजींची कवळी होती. डबी चेपली होती, कवळी धड. मुक्ता म्हणाली, आई, राहू दे आता, डॉक्टर दुसरी करून घेतील. पण वहिनींनी कवळी धुतली, घासून चकचकीत केली आणि एसटीनं स्वतः घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ती आजींच्या तोंडात बसवली तेव्हा वहिनी तिथंच उभ्या होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली म्हातारी, पदरात बांधून भाकरीचा तुकडा बरोबरच आणला होता तिनं. दवाखान्यात बसूनच चावून बघितला. मग वहिनींना जो निरोप दिला, तो त्यांनी मला सांगितला. तो तुझ्यासाठी आहे, शेवटी लिहिते.

काल ट्रक यायच्या आधी शेखरनं काय केलं माहितेय? सकाळीच नवी नळी आणली आणि तुझ्या गाडीला बसवली. भंगारात जाणाऱ्या गाडीला नवी नळी! रफीकभाई बघत राहिले, पण हसले नाहीत. किल्ली फिरवली. गाडी उभ्या उभ्या घुमत राहिली, आरसासुद्धा हलला नाही. शेखरनं जरा वेळ ऐकलं, गाडी बंद केली आणि किल्ली त्या ट्रकवाल्याच्या हातात दिली.

तो पुरता बरा झालाय असं मी म्हणणार नाही. 'बॉनेट उघडा' हे शब्द त्याच्या मनातून जातील असं वाटत नाही. पण आता ते मला ठाऊक आहेत, वहिनींना ठाऊक आहेत. परवा वहिनींचा फोन आला होता, मेण वितळवायचं मशीन बिघडलंय म्हणून. त्यांनी मला नाही, त्याला फोन केला. आणि तो गेला.

तुझ्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. मुक्ता विचारील तेव्हा तिला टेपचं सगळं सांगणार आहे. हार घातलेल्या फोटोतला माणूस एकदम शहाणा होऊन बसतो, आणि मला तसला भाऊ नको आहे. मला तो टोक दुमडणारा, आज नाही उद्या म्हणणारा, हसणाऱ्या कवळ्या घेऊन गावोगाव फिरणारा दादाच हवाय.

एक वचन देते. इथून पुढं कुणाचाही निरोप माझ्यापाशी राहणार नाही. चांगला असो, वाईट असो, लाज वाटण्यासारखा असो, त्याच दिवशी ज्याचा त्याला पोचवीन.

म्हणून हा घे, त्या आजींचा. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"ज्यानं केली त्येला सांग बाई, भाकरी चावती म्हनावं. कड लई कडक व्हती, ती बी चावली."

तुझी,
नंदा